ज्या कोड्यापुढे राजा गप्प राहिला

कोडे घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असते आणि सोडविणाऱ्याला ते शोधावे लागते. एवढ्या एका भेदावर जगातील सर्व कोडी उभी आहेत. पण शोधूनही ज्याला उत्तर सापडत नाही त्याने काय करावे, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात एका बारा वर्षांच्या मुलाने तो आम्हांला विचारावयास लावला, आणि तोही उज्जैनसारख्या कोड्यांच्या माहेरी. त्या प्रसंगात आमची फजिती झाली. तथापि वाचकांशी आमचा जो घरोबा आहे, त्यात फजिती लपवून ठेवण्याचे कारण दिसत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब रेल्वेच्या नोकरीनिमित्त बरीच वर्षे उज्जैनला राहत आहे. घरात नवे बाळ आले म्हणून त्यांनी आम्हांला अगत्याचे बोलावणे धाडले. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही सकाळी उतरलो. अवंतिका हे उज्जैनचेच जुने नाव. तेथील धर्मप्रांत सायरो-मलबार परंपरेचा, १९७७ पासूनचा. प्रार्थना हिंदीतून, उपदेशक केरळचे आणि आमचे यजमान मराठी! शहराला मात्र मराठी माणूस नवखा नाही. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी येथेच होती आणि राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला होता. आजही तेथील गल्ल्यांतून मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात.

चहा होतो न होतो तोच घरच्या बाईंनी आपली तक्रार मांडली. “फादर, आमचा थोरला दिवसभर त्या डबीत डोकं घालून बसतो. हाक मारली तरी ऐकू येत नाही. तुम्हीच सांगा आता, काढून घेऊ का ती?”

ती डबी म्हणजे हातात धरून खेळावयाचे व्हिडिओ गेमचे यंत्र, निंटेंडो डीएस नावाचे. ते पुस्तकासारखे उघडते. वर एक पडदा, खाली एक. खालच्या पडद्यावर बारीक लेखणीने लिहिता येते. जपानच्या ज्या कंपनीने ते काढले ती १८८९ साली क्योतो शहरात पत्ते बनविण्यासाठी निघाली होती. हे यंत्र २००४ साली बाजारात आले आणि आता ते निघेनासे होऊनही बरीच वर्षे झाली. मुलाच्या मामाने परदेशातून येताना कोणाचे तरी वापरलेले यंत्र आणि त्यासोबत एकच खेळ आणला होता.

आम्ही नेहमीच्या सवयीने गंभीरपणे मान हलविली आणि मुलापुढे हात केला. त्याने यंत्र मुकाट्याने दिले, पण देता देता म्हणाला, “फादर, आधी तुम्ही एक कोडं सोडवून बघा. मग काय ते सांगा.”

मागणी न्यायाची होती. ज्या वस्तूविषयी निवाडा द्यावयाचा ती एकदा पाहावयास नको काय? आम्ही चष्मा चढविला.

तो खेळ ‘प्रोफेसर लेटन’ ह्या मालिकेतील पहिला होता. २००७ साली तो जपानात निघाला आणि पुढे त्या मालिकेच्या दीड कोटीहून अधिक प्रती जगभर खपल्या. २०१८ साली तो मोबाइलवरही आला. उंच टोपी घालणारे एक प्राध्यापक आणि त्यांचा ल्यूक नावाचा लहान शिष्य एका विचित्र गावी येतात. गावातील एक धनिक उमराव मरताना मृत्युपत्रात लिहून गेला आहे की, जो कोणी ‘सोनेरी सफरचंद’ शोधून काढील त्याला सारी संपत्ती मिळावी. हे सफरचंद म्हणजे काय, गावातून माणसे नाहीशी का होतात, त्या उंच मनोऱ्यात काय दडले आहे, असे गूढ पदरापदराने उलगडत जाते. ह्यात बंदूक नाही, रक्तपात करून मिळविलेले गुण नाहीत. पण गावातील प्रत्येक माणूस वाटेत अडवून कोडे घालतो आणि ते सोडविल्याशिवाय तोंडातून अवाक्षर काढीत नाही. अशी शंभराहून अधिक कोडी त्यात आहेत. गूढाचा शेवट आम्ही येथे सांगणार नाही. तो मुलाने आम्हांलाही सांगितला नाही.

ही कोडी रचणारा माणूस खरोखरीचा प्राध्यापक होता. अकिरा तागो (१९२६–२०१६) हे जपानच्या चिबा विद्यापीठात मानसशास्त्र शिकवीत. १९६६ पासून त्यांनी ‘डोक्याचा व्यायाम’ अशा अर्थाच्या नावाने कोड्यांची पुस्तके काढली आणि ती जपानात घरोघर गेली. ती वाचत वाढलेल्या अकिहिरो हिनो नावाच्या मुलाने मोठेपणी खेळ बनविण्याची संस्था काढली आणि आपल्या बालपणीच्या त्या लेखकाकडेच कोडी मागितली. वडीलधाऱ्यांनी मुलांसाठी केलेले काम कोठे जाऊन उगवेल ह्याचा नेम नसतो, तो असा.

आता खेळाची रीत पाहा. प्रत्येक कोड्याला काही गुण ठरलेले. उत्तर चुकले की त्यातील थोडे कमी होतात. पण कोडे बंद होत नाही, पुन्हा प्रयत्न करता येतो. अगदीच अडले तर सूचना मिळते आणि तिच्यासाठी एक नाणे मोजावे लागते. हे नाणे पैशांनी विकत मिळत नाही. गावातील भिंती, झाडे, दिवे डोळसपणे न्याहाळले तर कोठेतरी दडलेले सापडते. आजकाल मोबाइलवरील कित्येक खेळ सूचनेसाठी खरेखुरे पैसे मागतात, त्यांच्या मानाने हा व्यवहार आम्हांला सरळ वाटला.

मुलाने आपण आधी सोडविलेले एक कोडे आमच्यासाठी पुन्हा उघडून दिले. नदीच्या काठी तीन लांडगे आणि तीन कोंबडीची पिले. तराफ्यावर एका वेळी दोघेच मावतात आणि तराफा रिकामा चालत नाही. कोणत्याही काठावर पिलांपेक्षा लांडगे जास्त झाले की पिले खाल्ली जातात. सर्वांना सुखरूप पलीकडे न्यावयाचे.

आम्हांला हसू आले. वाघ, शेळी आणि गवताचा भारा पार नेण्याचे कोडे कोणत्या खेड्यात घातले जात नाही? त्याच जातीचे लांडगा, बकरी आणि कोबीचे कोडे आठव्या शतकातील अल्क्विन ह्या विद्वानाच्या नावावर असलेल्या, तरुणांची बुद्धी धारदार करण्यासाठी रचलेल्या लॅटिन संग्रहात आहे. हा अल्क्विन ख्रिस्तसभेचा दीक्षित सेवक आणि सम्राट शार्लमेनचा गुरू. इतकेच काय, पडद्यावरचे हे लांडग्यांचे कोडे जुन्या पाश्चात्त्य पुस्तकांत तीन मिशनरी आणि तीन नरभक्षक अशा वेषात येत असे! म्हणजे हा आमच्याच घराण्याचा प्रश्न म्हणावयाचा. पाच मिनिटांत सोडवू, असे आम्ही बोलून गेलो.

दुपार गेली, संध्याकाळ झाली. प्रत्येक वेळी कोठल्या तरी काठावर एखादे पिलू प्राणास मुके आणि आम्ही पुन्हा आरंभास. मुलगा शेजारी बसून पाहत होता. तो चिडवीत नव्हता. पण त्याच्या गप्प बसण्यानेच आम्हांला जास्त लाज वाटू लागली. रात्री सर्व निजल्यावर आम्ही मोबाइल काढला, कोड्याचे नाव लिहिले आणि क्षणार्धात अकरा खेपांचे तयार उत्तर समोर आले. ते आम्ही चिठोऱ्यावर उतरवून घेतले आणि पाठ केले.

सकाळी चहाच्या वेळी मुलाच्या देखत आम्ही एक एक प्राणी डौलाने पलीकडे नेला. यंत्राने शाबासकी दिली. मुलाने मात्र फक्त विचारले, “फादर, सहाव्या खेपेला तुम्ही दोघांना परत का आणलंत?”

आम्ही तोंड उघडले आणि मिटले. आम्हांला ठाऊक नव्हते.

“तुम्ही बघून केलं ना?” तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. थोडी निराशा होती, आणि तीच अधिक लागली.

वाचकहो, आम्ही वीस वर्षे लोकांना सत्य बोलावयास सांगत आलो. बारा वर्षांच्या पोरासमोर केवळ हुशार दिसावे म्हणून आम्ही सकाळी सकाळी एक खोटे नाटक केले होते. ह्याला क्षुल्लक म्हणता येईल. पण क्षुल्लक म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींतूनच सवयी तयार होतात. आम्ही म्हणालो, “होय रे बाळा. बघून केलं. मला आलं नव्हतं.”

तेव्हा एक नवल घडले. मुलाचा चेहरा उजळला. स्वयंपाकघरातून तो तीन चिंचोके आणि तीन शेंगदाणे घेऊन आला. चिंचोके लांडगे, शेंगदाणे पिले, फरशीच्या दोन ओळी म्हणजे नदी. “सगळे पुढंच न्यायचे असं आपल्याला वाटतं, म्हणून अडतं,” तो सांगू लागला. “एकदा एक लांडगा आणि एक पिलू, दोघांना मागे आणावं लागतं. तोटा झाल्यासारखा वाटतो. पण ते केलं नाही तर एकही वाट उरत नाही.” त्याला हे समजावयास दोन दिवस लागले होते. आम्हांला रात्री दोन मिनिटांत उत्तर मिळाले होते आणि समजले काहीच नव्हते. सकाळी आपले अज्ञान कबूल केल्यावर पंधरा मिनिटांत ते कायमचे समजले.

त्या दिवशी उन्हे उतरल्यावर तो आम्हांला रुद्रसागराकडे घेऊन गेला. महाकाल मंदिराजवळच्या ह्या तलावात विक्रमादित्याची सिंहासनावर बसलेली भव्य मूर्ती उभारलेली आहे. तेथे बसून आम्ही त्याला म्हणालो, “तुझ्या त्या प्राध्यापकाचा पणजोबा ह्या गावात राहत असे.” आणि वेताळपंचविशी सांगावयास घेतली.

आमच्या वाचकांपैकी वडील मंडळींना ह्या कथा ‘चांदोबा’ मासिकातून ठाऊक असतील. १९५२ पासून निघालेल्या त्या मासिकात खांद्यावर प्रेत टाकून निघालेल्या राजाचे चित्र कोण विसरेल? मधल्या पिढीने १९८५ साली दूरदर्शनवर ती मालिका पाहिली असेल. मराठी छापखान्याच्या अगदी आरंभकाळात, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ निघाली होती. आणि आपणा महाराष्ट्रीयांना मौज वाटेल अशी गोष्ट अशी की, अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त ह्या कथा सांगितल्या तेव्हा त्यातील राजा उज्जैनचा नव्हताच! तो गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन. लोकांनी पुढे त्याला विक्रमादित्याशी एकरूप केले आणि कथा उज्जैनला नांदू लागल्या. सासरी गेलेली मुलगी जशी तेथलीच होऊन जाते, तशाच.

ह्या कथेचा आरंभही गूढाचाच आहे. एक भिक्षू रोज राजाला एक फळ आणून देतो. राजा ते खजिनदाराकडे देतो आणि विसरतो. वर्षे लोटतात. एके दिवशी एक माकड ते फळ फोडते आणि आतून अमोल रत्न बाहेर पडते. म्हणजे इतकी वर्षे रत्ने हातात येत होती आणि कोणी पाहिलेच नव्हते! “नाण्यांसारखं,” मुलगा मध्येच म्हणाला. “भिंतीत लपलेल्या.” अगदी तसेच. मग भिक्षूच्या विनंतीवरून राजा रात्री स्मशानात जाऊन झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो. त्यात वेताळ संचारलेला. वाट सरावी म्हणून वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कोडे घालतो आणि बजावतो की, उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर तुझे डोके फुटेल. राजा उत्तर देतो आणि मौन मोडताच वेताळ पुन्हा झाडावर. असे पुनःपुन्हा घडते. बरोबर उत्तर दिले की पुन्हा आरंभापासून चालावयाचे!

“मग तो सुटतो कसा?” मुलाने विचारले.

शेवटचे कोडे नात्यांचे आहे. एक पिता आणि पुत्र वाटेवर दोन स्त्रियांची पावले पाहतात. मोठी पावले जिची तिच्याशी पित्याने व लहान पावले जिची तिच्याशी पुत्राने लग्न करावे असे ठरते. गाठ पडल्यावर कळते की, त्या मायलेकी आहेत आणि मोठी पावले लेकीची आहेत. शब्द दिला तो दिला. पित्याने लेकीशी आणि पुत्राने आईशी लग्न केले. दोघींना मुले झाली. त्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? राजा विचार करतो, पुन्हा करतो आणि काही न बोलता चालत राहतो. त्याला उत्तर येत नाही. उगाच काहीतरी ठोकून द्यावे, असेही तो करीत नाही. वेताळ प्रसन्न होतो आणि खरे गूढ उघड करतो. तो भिक्षू राजाचाच बळी देणार आहे. तो ‘साष्टांग नमस्कार घाल’ म्हणेल, तेव्हा तू म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार घालता येत नाही, आधी तू करून दाखव. राजा तसे म्हणतो. भिक्षू वाकतो, आणि त्याचा कपटी डाव त्याच्याच मानेवर उलटतो.

मुलगा बराच वेळ तलावाकडे पाहत राहिला. “म्हणजे राजाला सगळी कोडी येत होती त्याचा काही उपयोग झाला नाही,” तो म्हणाला. “दोनदा ‘येत नाही’ म्हणाला, म्हणून वाचला.”

हे आम्ही त्याला शिकविलेले नव्हते. ह्या कथा आम्ही लहानपणापासून ऐकल्या, पण ही गोष्ट आमच्या ध्यानी कधी आली नव्हती.

मग थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, तो बोलला. “फादर, शाळेत मी गणितं गाइडमधून उतरवतो. येत नाही म्हटलं की वर्गात हसतात. सरही ओरडतात.”

“आणि ह्या खेळात?”

“ह्यात कोणी हसत नाही. चुकलं तर थोडे गुण जातात. मग पुन्हा करायचं.”

ह्या वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. आईला वाटत होते की मुलगा खेळापायी अभ्यास चुकवीत आहे. खरे पाहता जेथे चूक करण्याची मुभा होती तेथे तो पळून जात होता. दोन दिवस एकाच कोड्याशी झुंजणारा मुलगा आळशी कसा म्हणावा? पण तोच मुलगा वहीत तयार उत्तरे उतरवीत होता, जसे आम्ही रात्री चिठोऱ्यावर उतरविले होते. त्याला आणि आम्हांला एकाच गोष्टीची भीती होती, लोक काय म्हणतील.

त्याचे गुपित आम्ही त्याच्या घरी सांगितले नाही. ते सांगणे त्याचे काम होते. रात्री जेवताना आम्ही फक्त आपली स्वतःची गोष्ट सांगितली. लांडगे, पिले, मोबाइल, चिठोरे, सारे काही. यजमान पोट धरून हसले. बाईंनी पदर तोंडाला लावला. हसणे ओसरले तेव्हा मुलाने ताटातून डोके वर न काढता आपली गोष्ट सांगून टाकली.

घरात शांतता पसरली. वडिलांनी वही आणावयास सांगितली. आता रागावतील म्हणून आम्ही मध्ये बोलण्याच्या तयारीत होतो. त्यांनी एक उदाहरण वाचले, पुन्हा वाचले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “हे मलाही येत नाही. हात धू. दोघं बसू.”

आम्ही निजावयास गेलो तेव्हा ते दोघे बसलेले होते.

वाचकहो, आता बाईंच्या प्रश्नाचे आम्ही काय उत्तर दिले ते सांगतो. यंत्र काढून घेऊ नये, पण ते मुलाच्या एकट्याच्या हातीही ठेवू नये. संध्याकाळी एक तास, सर्वांच्या समोर, आणि दिवसाला एकच कोडे वडीलधाऱ्यांनी त्याच्यासोबत बसून सोडवावे. डोळ्यांना विश्रांती हवी, मैदान हवे, ताट वाढल्यावर हाकेला ओ देणे हवे, हे तर आहेच. आणि एक नियम सर्वांसाठी, आमच्यासारख्या पाहुण्यांसाठीसुद्धा. तयार उत्तर शोधून पाहावयाचे नाही. न आले तर ‘आज आले नाही’ म्हणावे आणि निजावे.

पवित्र शास्त्रातील शमशोनाचे कोडे आठवा. लग्नाच्या मेजवानीत त्याने तीस सोबत्यांना कोडे घातले. त्यांना ते येईना. ‘येत नाही’ म्हणणे त्यांना जड गेले. त्यांनी त्याच्या वधूला धमकावून उत्तर काढून घेतले आणि पैज जिंकली. पुढे रक्त सांडले आणि लग्न मोडले. हरण्याची किंमत केवळ काही वस्त्रे होती. चोरलेल्या उत्तराची किंमत किती झाली पाहा!

आपल्या घरांतही आपण मुलांना पुष्कळ प्रश्न विचारतो आणि उत्तर तात्काळ हवे असते. मुलाने ‘मला येत नाही’ असे म्हटले तर आपल्या कपाळाला आठी पडते की आपण चिंचोके घेऊन त्याच्याजवळ बसतो, एवढे प्रत्येकाने आजच्या रात्री स्वतःशी ताडून पाहावे. आम्हीही पाहणार आहोत.

जाता जाता ते लांडगे आणि पिले आम्ही आपल्या हवाली करीत आहोत. चिंचोके आणि शेंगदाणे प्रत्येक घरी असतातच. कमीत कमी अकरा खेपा लागतात आणि खूण तर वर दिलेलीच आहे. ज्यांनी सोडविले त्यांनी सहाव्या खेपेचे कारण आम्हांला कळवावे. ज्यांना आले नाही त्यांनी ‘आले नाही’ असे निःसंकोच लिहावे. ती पत्रे आम्ही अधिक आवडीने वाचू.